अध्यक्ष उभे होते

माझ्या भाऊजींना कधी कुणी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नाही. लोक हे कौतुकाने सांगतात. मी सांगत नाही. माणसाला राग यायला हवा, जन्मात एकदा तरी यायला हवा, आणि तो वेळेवर यायला हवा, असं माझं मत आहे. माझं ब्यूटी पार्लर आहे. दिवसभर कात्री चालते आणि कात्रीपेक्षा तोंड जास्त चालतं. तुझा राग रोजचाच, त्याला कोण भीक घालतंय, असं ताई म्हणते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको.

भाऊजी विधिमंडळात शिपाई होते. पण नुसतं शिपाई म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. ते पटलावरचे शिपाई. सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या खाली एक लांबलचक टेबल असतं, त्याला तिथे पटल म्हणतात. मंत्री उठतो, "अमुक नियम मी सभागृहाच्या पटलावर ठेवतो" असं म्हणतो, आणि जागच्या जागी मान झुकवून बसतो. त्याच्या हातात काहीच नसतं. कागदांचा गठ्ठा भाऊजींच्या हातात असतो, आणि मान झुकली की तो गठ्ठा ते टेबलावर ठेवतात, आवाज न करता.

ताईचं लग्न नवं होतं तेव्हा मी हे पहिल्यांदा ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मंत्री ठेवतो म्हणतो, आणि ठेवता तुम्ही?"

"हो."

"मग कारभार तुम्हीच चालवता म्हणायचं!"

मेहुणीने केलेली थट्टा होती ती. पण भाऊजींना ती इतकी आवडली, की पुढे कितीतरी वर्षं घरी पाहुणे आले की म्हणायचे, "आमची मेहुणी म्हणते, कारभार मीच चालवतो." आणि लाजायचे. खरं सांगते, तेव्हा मला हा माणूस फार आवडायचा.

त्यांचा पांढराशुभ्र गणवेश असायचा, छातीवर पितळी बिल्ला. बिल्ला ते स्वतः घासायचे, ताईला हात लावू द्यायचे नाहीत. आणि उभं राहणं! पटलाच्या कोपऱ्याशी, हात मागे बांधून, तासन् तास. नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. अध्यक्ष बसलेले असताना शिपाई चिठ्ठ्या नेऊ शकतो, कुणाला बोलावू शकतो, पाणी देऊ शकतो. पण अध्यक्ष खुर्चीतून उठून उभे राहिले, की जो जिथे असेल तिथे थांबायचं. आमदारांनी बसायचं, शिपायांनी थिजायचं. एकदा अध्यक्ष उभे असताना भाऊजींच्या मानेला मधमाशी डसली. हे हलले नाहीत. संध्याकाळी मान भोपळ्यासारखी सुजून घरी आले, आणि तो किस्सा असा सांगितला, जसं काही बक्षीस मिळालंय.

आणखी एक काम त्यांच्याकडे होतं. वर प्रेक्षकांची गॅलरी असते. तिथे कुणी बोललं, हसलं, की अध्यक्ष फक्त वर बघतात. तोंडाने काही म्हणत नाहीत, ते त्यांना शोभत नाही. भाऊजींनी मग उजवा तळहात वर गॅलरीच्या दिशेने उचलायचा. तो हात दिसला की वरचे पहारेकरी त्या माणसाला बाहेर काढतात.

हे दोन्ही प्रकार घरात खेळ होऊन बसले होते. कारण घरात होतं ताईचं पाळणाघर.

ताईला मूल झालं नाही. रडून झालं, डॉक्टर करून झाले, लोकांचे सल्ले ऐकून झाले. मग एक दिवस शेजारच्या नर्सबाई ड्यूटीवर जाताना आपली मुलगी हिच्याकडे टाकून गेल्या आणि ती मुलगी दिवसभर राहिली. तिथून सुरुवात. दुसरा मजला, दोन खोल्या, एक गॅलरी, तिला ताईने उभी जाळी बसवून घेतली होती. नर्सची मुलगी, वॉचमनची जुळी, बेकरीतल्या बाईचा मुलगा, अजून दोघंतिघं. बेकरीवालीचा मुलगा ताईचा कान धरल्याशिवाय झोपायचा नाही. त्याचं नावच 'कानवाला' पडलं. माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांनी ताईचा डावा कान पाहून विचारलंय, हा लाल का असतो म्हणून.

दुपारी जेवणं झाली की मुलं धुडगूस घालायची. मग ताई मोठ्याने म्हणायची, "अध्यक्ष उभे!" की सगळी जिथल्या तिथे थिजायची. एक पाय वर, तोंडात घास, काहीही. जो हलला नाही त्याला आधी गादी मिळायची. अधिवेशन नसलं की भाऊजी दुपारी घरी असायचे, ते तळहात उचलून दाखवायचे आणि मुलं खुदुखुदु हसत तोंडावर हात ठेवायची. दारावर पाटी होती: 'मुलं झोपली आहेत. बेल वाजवू नये.' भाऊजी स्वतःच्या घरातसुद्धा एका नखाने टकटक करून यायचे. नखाची ती टकटक फक्त ताईला ऐकू यायची.

असं सगळं छान चाललेलं असताना तो नियम आला.

कुठल्याशा मोठ्या पाळणाघरात आग लागली होती. मुलं वाचली, पण धुराने काही जणांचे हाल झाले. कायदा आधीच होता, त्यात म्हटलं होतं की पाळणाघर सुरक्षित असावं. सुरक्षित म्हणजे काय, ते खात्याने नियम करून ठरवायचं. खात्याने ठरवलं: पाळणाघर तळमजल्यावरच हवं आणि त्याला दोन वेगळी दारं हवीत. मग मुलं शंभर असोत नाहीतर सहा. हे करणाऱ्याच्या डोक्यात काही वाईट नव्हतं, हे मी मानते. पण त्याच्या डोक्यात ताईसुद्धा नव्हती, आणि ताईसारख्या गल्लोगल्लीच्या बायका नव्हत्या.

आम्हाला हे नर्सबाईंनी सांगितलं. त्यांच्या दवाखान्यात सूचना लागली होती. संध्याकाळी भाऊजी टकटक करून आत आले, तर ताई दारातच उभी.

"पाळणाघराचा काही नियम आलाय का तुमच्याकडे?"

भाऊजींनी बूट काढता काढता विचार केला. "गेल्या आठवड्यात ठेवला असेन. त्या दिवशी पुष्कळ होते."

"तुम्ही ठेवलात?"

"मीच ठेवतो सगळे."

"वाचला नाहीत?"

"आपण वाचायचं नसतं गं. आपण ठेवायचं."

मी तिथेच होते. माझा पारा चढला. मी म्हटलं, "भाऊजी, बायकोच्या पोटावरचा पाय स्वतःच्या हाताने नेऊन टेबलावर ठेवलात की!" ते ओशाळले. मग मला समजावू लागले, जसं मुलांना समजावतात. म्हणाले, "तसं नाही. नियम खातं करतं, पण सभागृहाला ते बदलायचा अधिकार आहे. उगीच ठेवतात का पटलावर? हे बघ, सासू सुनेला सांगते स्वयंपाक कर. मीठ किती घालायचं ते सून ठरवते. पण ताट आधी सासूपुढे येतं. तिला चव बघून म्हणता येतं, मीठ जास्त झालं, कमी कर. अधिवेशन संपेपर्यंत कुणाही आमदाराने दुरुस्ती सुचवायची, सभागृहाने हो म्हणायचं, की नियम बदलला."

"आजवर किती वेळा सासूने चव बघितली?"

भाऊजींनी काढलेले बूट भिंतीशी नीट जोडून ठेवले. "माझ्यासमोर नाही बघितली," म्हणाले.

"म्हणजे तुम्ही आयुष्यभर ताटं मांडताय आणि जेवतंय कोण याचा पत्ता नाही."

ताई म्हणाली, "तू गप्प बस." आणि मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही कुणालातरी सांगा. एवढे आमदार रोज तुमच्यासमोर बसतात. लहान घरांना, दहाच्या आत मुलं असतील तर, सूट द्या म्हणावं. जाळी लावते, पाण्याच्या बादल्या ठेवते, काय म्हणतील ते करते."

तिने इतक्या वर्षांत त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि भाऊजी म्हणाले, "आपण होऊन आमदारांशी बोलायचं नसतं."

ताईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. चहा समोर ठेवायची, भाकरी वाढायची, तोंडातून शब्द नाही. मुलांना मात्र हसून खेळवायची. भाऊजी बिल्ला घासत बसायचे. इतका चकाकला होता तो बिल्ला त्या दिवसांत, की डोळे दिपायचे.

शेवटी गाडं माझ्याच दारात आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी गत. आमच्या भागातून नव्याने निवडून आलेला एक तरुण आमदार होता आणि त्याची बायको माझ्याकडे केस रंगवायला यायची. डोक्याला रंग फासलेला असताना माणूस खुर्चीतून पळून जाऊ शकत नाही, हे आमच्या धंद्यातलं मोठं सुख. मी रंग लावला आणि सगळं सांगितलं. ती बिचारी खरंच हळहळली. तिची स्वतःची मुलगी लहानपणी पाळणाघरात होती. चार दिवसांनी आमदाराचा फोन आला: दुरुस्तीची सूचना दिली आहे, तारीख लागली आहे, विरोधातलेही दोघंतिघं पाठिंबा देतील, बायकांचा प्रश्न आहे, कोण नाही म्हणेल?

मी धावत ताईकडे गेले. भाऊजी घरीच होते. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "माझं नाव नाही ना आलं कुठे?"

"नाही हो. तुमचं नाव सोवळ्यात आहे."

"तसं नाही, नोकरीचे काही दंडक असतात."

"तुम्ही काही करू नका भाऊजी. तुम्ही नुसते उभे राहा." असं मी म्हटलं होतं.

त्या दिवशी ताईने मुलांना माझ्या पार्लरमधल्या मुलीकडे सोपवलं आणि आम्ही दोघी पास काढून प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो. ताईने ठेवणीतले कपडे घातले होते. ती पहिल्यांदाच नवऱ्याला कामावर बघत होती. वरून भाऊजी अगदी लहान दिसत होते, पांढरे, ताठ, पटलाच्या कोपऱ्याशी. त्यांनी एकदा वर पाहिलं. ताई त्यांच्याकडे बघून हसली, किती दिवसांनी! मला वाटलं, झालं, मिटलं सगळं.

आमच्या सूचनेच्या आधी कसलीशी चर्चा होती. ती लांबणार असं सगळे धरून चालले होते, म्हणून आमचा आमदार चहाला बाहेर गेला होता. पण ज्यांनी चर्चा मागितली तेच आले नव्हते, त्यामुळे ती झटक्यात आटोपली. सभागृहात निम्मी बाकं रिकामी आणि उरलेल्या निम्म्यात गप्पा. कलकलाट वाढला, तेव्हा अध्यक्ष उठून उभे राहिले.

सगळे गप्प. आणि उभ्या उभ्याच अध्यक्षांनी पुढचं काम पुकारलं. पाळणाघरांच्या नियमातली दुरुस्ती. आमदाराचं नाव घेतलं.

तिथली पद्धत अशी, की नाव पुकारल्यावर सूचना देणारा जागेवर नसेल तर सूचना बारगळते. तीन वेळा पुकारतात. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं.

आणि मला आमदार दिसला. लॉबीच्या काचेच्या दाराबाहेर, हातात कप, कुणाशी तरी खिदळत होता. मला वरून दिसला म्हणजे भाऊजींना समोरून दिसणारच. ते त्या दाराकडेच तोंड करून उभे होते. चार पावलं टाकायची, काचेवर बोट वाजवायचं. नखाने! सवय होती की त्यांना.

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा नाव पुकारलं. भाऊजींची नजर दारावर होती. त्यांच्या मानेवरची शीर ताणलेली मला वरून दिसत होती, देवाशपथ दिसत होती. पाय हलले नाहीत.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. आयुष्यात कुणावर न ओरडलेली माझी ताई उभी राहिली होती. कठडा दोन्ही हातांनी धरून ती ओरडली, "अहो! ते दारातच आहेत! बोलवा ना त्यांना! अहो!"

सगळ्या माना वर वळल्या. अध्यक्षांनी वर पाहिलं. नुसतं पाहिलं, त्यांच्या पद्धतीने.

आणि भाऊजींचा उजवा हात वर आला. तळहात आमच्याकडे.

दोन पहारेकरणी आल्या. "चला बाई," म्हणाल्या, तशा चांगल्याच होत्या. मी त्यांच्याशी भांडले, माझा दंड धरावा लागला त्यांना. ताई भांडली नाही. ती त्या हाताकडे बघत होती. तिला वळवून दाराबाहेर नेलं तरी तिची मान मागेच होती. दार लागता लागता आतून तिसऱ्यांदा नाव पुकारलेलं ऐकू आलं, आणि मग, "सदस्य उपस्थित नाहीत. सूचना बारगळली. पुढचं काम."

खाली जिन्याशी आमदार धापा टाकत भेटला. वरातीमागून घोडं. "अहो, असं कसं झालं? मला बोलवायला कुणी आलंच नाही!" म्हणाला. पुढच्या वेळी बघू म्हणाला. अधिवेशन दुसऱ्या दिवशी संपलं आणि नियम होता तसा कायम झाला. पुढची वेळ नव्हतीच.

संध्याकाळी मी ताईकडेच थांबले होते. म्हटलं, आज मी बोलणार आहे, कुणी अडवू नका. दारावर टकटक झाली. ताईने दार उघडलं. भाऊजी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, गणवेशातच आले होते.

"अध्यक्ष उभे होते," ते म्हणाले.

"मी पण उभी होते," ताई म्हणाली, आणि आत जाऊन मुलांच्या गाद्या आवरायला लागली.

मला राहवलं नाही. "भाऊजी, नुसतं खोकला असतात तरी तो माणूस वळला असता! पायाची मेख जमिनीत ठोकली होती का? बरं, नाही हलवले पाय, मान्य. पण हात? हात कसा हलला?"

ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "तो आपोआप गेला वर," म्हणाले. "कोण ओरडलं ते कळायच्या आधीच गेला." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला दया आली नाही. आजही येत नाही, म्हणजे येते, पण मी येऊ देत नाही.

तपासनीस आला तो भला माणूस होता, खाली मान घालून नोटीस देऊन गेला. मुलं एकेक करून गेली. नर्सबाईंनी मुलीला सासूकडे ठेवलं, सासूला धड दिसत नव्हतं. वॉचमनची जुळी आतून कडी लावून घरात एकटी राहायला लागली. सुरक्षित पाळणाघर सहा गल्ल्या पलीकडे होतं, त्याला दोन दारं होती आणि त्याची फी वॉचमनच्या पगाराच्या वर होती. बेकरीवालीने सगळ्यांत शेवटी मुलाला नेलं. कानवाला दारापर्यंत शहाण्यासारखा गेला आणि उंबऱ्यावर थांबून ओरडला, "अध्यक्ष उभे!" आणि थिजला. एक पाय आत, एक बाहेर. त्याला वाटलं, आता कुणाला हलता येणार नाही. त्याच्या आईने त्याला तसाच कडक उचलून नेला. जिन्यातून त्याचं रडणं ऐकू येत होतं. भाऊजी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पुढच्या अधिवेशनात गंमत झाली. मी गंमत म्हणते, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. मोठमोठ्या कंपन्यांच्या उंच इमारतींत त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी पाळणाघरं होती, कुणाची नवव्या मजल्यावर, कुणाची चौदाव्या. त्यांनी खात्याकडे तक्रार केली. खात्याने आपणच नियम बदलला: कार्यालयाच्या इमारतीत पाळणाघर कुठल्याही मजल्यावर चालेल, आणि लिफ्ट हे दुसरं दार समजण्यात येईल. घरांबद्दल एक अक्षर नाही. मंत्री उठला, ठेवतो म्हणाला, मान झुकवून बसला. भाऊजींनी तो पटलावर ठेवला. कुणी वाचला नाही, कुणी चव बघितली नाही. अधिवेशन संपलं, नियम पक्का.

हे भाऊजींनी स्वतः जेवताना सांगितलं. आता ते ठेवण्याआधी वाचायला लागले होते. ताई ऐकून हसायला लागली. तिला हसू आवरेना. "लिफ्ट!" म्हणत होती. "आग लागली की लिफ्टने जा म्हणावं!" भाऊजींनी घास खाली ठेवला आणि उठून गेले.

ते निवृत्त झाले तेव्हा विधिमंडळाच्या एका दालनात समारंभ ठेवला होता. चहा, बिस्किटं, फुलांचा गुच्छ. ताई येणार नाही असं मला वाटलं होतं, पण आली, तेच ठेवणीतले कपडे घालून. आमचा तो आमदार आता राज्यमंत्री झाला होता. जरा सुटला होता अंगाने. भाषण त्यानेच केलं. म्हणाला, "इतकी सरकारं आली, गेली. किती गदारोळ झाले या सभागृहात. पण हा माणूस आपल्या जागेवरून कधी हलला नाही! लोकशाही अशा माणसांच्या खांद्यावर उभी असते." टाळ्यांचा कडकडाट. भाऊजी उभेच होते. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती, त्यावर ते बसले नव्हते.

मग कुणीतरी म्हणालं, वहिनींनी दोन शब्द बोलावेत. ताई नको नको म्हणेल असं मला वाटलं. पण ती उठली.

"मला इथे बोलायची सवय नाही," ती म्हणाली. "एकदाच बोलले होते. तेव्हा यांनीच मला बाहेर काढलं."

दालन हसून हसून कोसळलं. सगळ्यांना वाटलं, काय झकास विनोद केला वहिनींनी! राज्यमंत्री सगळ्यांत जास्त हसला. त्याने रुमाल काढून डोळे टिपले. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. हसले नाहीत फक्त भाऊजी, आणि मी. ताईसुद्धा जराशी हसली, पाहुण्यांसमोर हसावं तशी, आणि खाली बसली.

बिल्ला आणि गणवेश जमा करायला भाऊजी मागे थांबले. आम्ही दोघी पुढे घरी आलो. ताईने चहा टाकला. घर नीटनेटकं होतं, फार नीटनेटकं. दारावरची पाटी तशीच होती, काढायची कुणालाच आठवण झाली नव्हती, किंवा झाली होती. मुलांच्या गाद्या कपाटावर चादरीत बांधून ठेवलेल्या. मी काहीतरी बोलत होते, कसल्या त्या बिस्किटांबद्दल, किती मऊ पडली होती म्हणून. ताई ऐकत नव्हती. तिचा डावा कान दाराकडे होता.

टकटक झाली. एका नखाने.

ताई बसून राहिली. परत टकटक झाली, आणखी हळू. मी उठायला लागले, तर तिने माझा हात धरला. मग स्वतः गेली, दार उघडलं. भाऊजी साध्या शर्टात बाहेर उभे होते, हातात तो फुलांचा गुच्छ.

"बेल वाजवा की," ताई म्हणाली. "आत कोण झोपलंय?"